कॅरिबियन किनाऱ्यावर अंतरपाट धरताना

कोकणची सवय असलेल्या माणसाच्या डोक्यात समुद्र म्हणजे पश्चिम हे पक्कं बसलेलं असतं. गणपतीपुळे घ्या, तारकर्ली घ्या, संध्याकाळी सूर्य पाण्यातच बुडणार. अमेरिकेत राहून कॅरिबियनमध्ये मराठी लग्न ठरवताना पहिला घोटाळा इथेच होतो. डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना आणि मेक्सिकोतला कान्कून ते तुलूम हा पट्टा, म्हणजे देशी लग्नांची तयार पॅकेजं जिथे हमखास मिळतात ते दोन्ही भाग, पूर्वेकडे तोंड करून आहेत. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि हॉटेलच्या मागे, पार्किंगच्या बाजूला कुठेतरी मावळतो. पत्रिकेवर मावळत्या सूर्याचं चित्र छापून झालेलं असतं, आणि फोटोत मागे नुसतं राखाडी पाणी येतं. सूर्य पाण्यात टेकतानाच मंगलाष्टकं हवी असतील तर किनारा पश्चिमेचा घ्या: जमैकातलं नेग्रिल, ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच, अरुबाचा ईगल बीच.

दिशेवर फक्त फोटो अवलंबून नसतात. या समुद्रावर वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. सकाळी ते मवाळ असतात, दुपारी जमीन तापली की जोर धरतात. पूर्वेच्या किनाऱ्यावर हा वारा पाण्यावरून थेट मंडपात घुसतो. पश्चिमेच्या किनाऱ्यावर तो जमिनीवरून, झाडांतून गाळून येतो आणि समुद्रही बऱ्यापैकी निवांत असतो. हाच वारा सार्गॅसम आणतो. हे तपकिरी रंगाचं तरंगतं शेवाळ २०११पासून कॅरिबियनमध्ये प्रचंड प्रमाणात येऊ लागलं आहे. साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, कधी त्याही पुढे, त्याचे ढीग किनाऱ्याला लागतात. कुजायला लागलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो, कारण त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. चांदीचे दागिनेसुद्धा त्या हवेत काळे पडतात. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यांना याचा मार सगळ्यात जास्त. रिसॉर्टवाले पहाटे ट्रॅक्टर फिरवून सफाई करतात, पण दुपारपर्यंत नवा थर आलेला असतो. म्हणून रिसॉर्ट निवडताना जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवा. ज्या महिन्यात लग्न आहे त्या महिन्यातले, पाहुण्यांनी स्वतः काढून टाकलेले फोटो बघा.

आता तारीख. इथे आपलं पंचांग आणि तिथलं हवामान चक्क एकमेकांशी जुळतं. अटलांटिक चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा आपला चातुर्मास त्यातला बराचसा काळ झाकतो. ‘चातुर्मासात लग्न नाही’ म्हणणारी आजी जमैकाच्या बाबतीतही बरोबरच निघते. बेरिल वादळ १ जुलै २०२४ला ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं. मेलिसा २८ ऑक्टोबर २०२५ला पाचव्या श्रेणीचं वादळ म्हणून जमैकाच्या नैऋत्य किनाऱ्यावर आलं. काढीव मुहूर्त (चातुर्मासातही शोधून काढलेला) मिळतोय आणि ऑक्टोबरमध्ये खोल्या स्वस्त आहेत, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मोह होतो. हंगामातच करायचं असेल तर अरुबा, बोनेअर, कुरासाओ ही तीन बेटं बघा. ती वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. प्रवासविमा मात्र लवकर घ्या. वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत त्या वादळाचं नुकसान धरत नाहीत.

उरलेल्या वर्षात डिसेंबरच्या २०नंतर ते ईस्टरपर्यंत दर चढे असतात, आणि त्यात आपला पौष जातो. माझं मत विचाराल तर तुळशीच्या लग्नानंतर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे आठवडे सोन्यासारखे. वादळं सरत आलेली, शेवाळ कमी, दर अजून चढलेले नाहीत, मुहूर्तही असतात. दुसरी खिडकी ईस्टरनंतर मेअखेरपर्यंतची, पण तेव्हा पूर्वेच्या किनाऱ्यावर शेवाळाची टांगती तलवार असते.

मुहूर्ताचं गणित लोक फार चुकवतात. पंचांगातली तिथी-नक्षत्राची समाप्ती भारतीय वेळेत दिलेली असते आणि तो क्षण जगभर एकच असतो. त्यामुळे जमैका आणि कान्कूनसाठी त्यातून साडेदहा तास वजा करायचे, पुंता कानासाठी साडेनऊ. या तिन्ही ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे हा फरक बाराही महिने तोच. न्यू जर्सीच्या वेळेशी तुलना करणाऱ्यांची मात्र उन्हाळ्यात तासाभराची गडबड होते. ज्योतिषातलं लग्न, म्हणजे पूर्वेला उगवणारी रास, तशी वजाबाकी करून मिळत नाही. ती त्या गावाच्या अक्षांश-रेखांशावरूनच काढावी लागते. गुरुजींना तारखेबरोबर गावाचं नाव द्या आणि स्थानिक वेळेत मुहूर्त लिहून मागा. गंमत म्हणजे माँटेगो बे आणि पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेअठरा अंश उत्तर. दिनमान पुण्यासारखंच.

गोरज मुहूर्त ऐकायला किनाऱ्यासाठीच काढल्यासारखा वाटतो. पण नेग्रिलला डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो, पुंता कानाला सहाच्या सुमारास, आणि या अक्षांशावर संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. मंगलाष्टकं झाली की कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी हे सगळं अंधारात. त्यात मार्च ते ऑक्टोबर-नोव्हेंबर कासवं अंडी घालायला येतात, त्या किनाऱ्यांवर प्रखर दिवे लावू देत नाहीत. दोन मार्ग आहेत. मंगलाष्टकं वाळूवर आणि होम वरच्या गच्चीवर, हा एक. दुसरा आणि माझ्या मते जास्त शहाणा म्हणजे सकाळचा मुहूर्त. साडेसात-आठला वारा पडलेला असतो, वाळू तापलेली नसते, किनारा रिकामा असतो. पोहण्याच्या कपड्यांतला अनोळखी माणूस हातात पेला घेऊन मागून जाताना फोटोत येत नाही. रिसॉर्टलाही सकाळची वेळ सहसा मोकळी असते. फोटोग्राफर कुरकुर करेल, त्याला संध्याकाळी स्वागतसमारंभाआधी अर्धा तास द्या.

रिसॉर्टच्या नियोजिकेकडे ‘भारतीय लग्न’ या नावाखाली जो साचा असतो तो पंजाबी-गुजराती लग्नाचा. आधी घोड्यावरून बारात, मग मिलनी (दोन्हीकडच्या नातेवाइकांची भेट), मग चार खुर्च्या मांडलेला मंडप, फेरे, सिंदूर. आपली वरात लग्न लागल्यावर निघते हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. अंतरपाट म्हणजे काय तेही नाही. लेखी क्रम द्या, मिनिटांसकट: मंगलाष्टकं पंधरा-वीस मिनिटं, सगळे उभे. मग विधी, पाटावर बसून, सव्वा ते दीड तास. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, त्याला वेगळी जागा. ग्रहमख घरूनच उरकून निघा. आणि बोहलं लाकडी फळ्यांचं मागा. वाळूवर गालिचा टाकला की पाट डुगडुगतो, समई कलते.

मांडणी वाऱ्यावरून ठरवायची. वारा पाहुण्यांच्या पाठीवरून बोहल्याकडे जाईल अशा खुर्च्या ठेवा. मग अक्षता वधूवरांपर्यंत पोचतात आणि होमाचा धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जात नाही. उलटी मांडणी केली तर पहिल्या ओळीने टाकलेल्या अक्षता तिसऱ्या ओळीच्या केसांत सापडतात. पूर्वेच्या किनाऱ्यावर सकाळी खुर्च्या समुद्राकडे केल्या तर सूर्य थेट डोळ्यांवर आणि वारा थेट तोंडावर. समुद्राकडे पाठ केली तर वारा जुळतो पण फोटोत मागे हॉटेल. तडजोड म्हणून किनाऱ्याला तिरकं बसवतात, समुद्र एका खांद्याला.

अंतरपाट नेहमीसारखा दोन टोकं चिमटीत धरून चालत नाही. शिडासारखा फुगतो आणि वधूच्या तोंडावर आपटतो. सुती कापड घ्या, रेशमी नको. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. वरच्या आणि खालच्या काठाला दोन इंची नेफा शिवून घ्या. वरच्यात बांबूची किंवा पीव्हीसीची काठी, खालच्यात बारीक काठी आणि जोडीला मासेमारीची चार-पाच शिशाची वजनं. धरणारे दोघं उंचीने सारखे असले तर बरं. कापडाची बाजू वाऱ्याच्या रेषेत ठेवली, म्हणजे वारा कापडाला समांतर वाहिला, की ते फडफडतं पण फुगत नाही. पाहुण्यांच्या पाठीवरून वारा घेतला असेल तर हे आपोआप जुळतं, कारण पाहुण्यांना दोघंही दिसावेत म्हणून आपण अंतरपाटाची कड त्यांच्याकडे करूनच तो धरतो. मुंडावळ्या दोन पिनांनी केसांत अडकवा, मोत्यांच्या जड घ्या. गुरुजींच्या कॉलर माइकवर फोमची नव्हे, केसाळ टोपी लावा. नाहीतर मंगलाष्टकांच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता घोंघावणारा वारा आणि मधूनच ‘सावधान’ ऐकू येतं.

मंडपाच्या चार खांबांवर कापडी छत टाकू नका, ते उचललं जातं. छत उघडं ठेवून फक्त कडेने माळा सोडा आणि प्रत्येक पायाला वाळूच्या गोण्या बांधल्यात ना हे स्वतः बघा. पाऊस किंवा जोराचा वारा आला तर पर्यायी जागा कोणती, आणि तो निर्णय किती वाजता, कोण घेणार, हे करारात लिहून घ्या. बंद हॉलमध्ये धूर ओळखणारी यंत्रं असतात. होम करायचा तर ती बंद ठेवून आगीवर लक्ष ठेवणारा माणूस लावावा लागतो, त्याचे वेगळे पैसे. बाजूंनी उघडी, वरून झाकलेली गच्ची सगळ्यात सोयीची.

होमकुंड तांब्याचं, बारा इंची पुरतं. त्याखाली दोन फुटी पत्र्याचा ट्रे, त्यात दोन इंच वाळू, वर चार विटा, मग कुंड. वाऱ्याच्या बाजूने तीन बाजूंचा फूटभर उंच पत्र्याचा आडोसा. पाऊण तासाच्या होमाला बारीक, कोरडी लाकडं तीन किलो आणि तूप अर्धा ते पाऊण किलो धरा. शेजारी पाण्याची बादली, ओला जाड टॉवेल आणि अग्निशामक. बहुतेक रिसॉर्ट उघड्या आगीसाठी लेखी परवानगी मागतात. ती आठवड्याभरात मिळेल असं धरू नका, महिनाभर आधी कुंडाच्या फोटोसकट अर्ज द्या. उपरण्याची आणि शेल्याची गाठ बांधल्यावर लोंबणारं टोक आत खोचा, विशेषतः शेला पॉलिएस्टरचा असेल तर. ते नुसतं पेटत नाही, वितळून कातडीला चिकटतं. निरांजन उघड्यावर टिकणारच नाही, काचेची हंडी ठेवा.

लाकडं कुठून आणायची? इथे सावध राहा. किनाऱ्यावर पडलेल्या काटक्या समिधा म्हणून अजिबात गोळा करू नका. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड उगवतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं येणारं. त्याचा चीक कातडीवर फोड आणतो, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी भाजल्यासारखं होतं, आणि त्याच्या लाकडाचा धूर डोळ्यांना गंभीर इजा करतो. काही ठिकाणी अशा झाडांना लाल पट्टा किंवा पाटी असते, काही ठिकाणी काहीच नसतं. तोरणासाठी म्हणून कुणी हौशी आत्याने त्याची चकचकीत पानं तोडली तर लग्नघराचा दवाखाना होईल. लाकूड रिसॉर्टच्या पिझ्झाच्या भट्टीचं किंवा बार्बेक्यूचं मागा आणि बोटभर जाडीचे, वीतभर लांब तुकडे करून घ्या. आंब्याची पानं माळ्याला सांगितली की मिळतात, जमैकात आंबा भरपूर आहे. केळीची पानंही.

फुलांत मोगऱ्याचा हट्ट सोडावा. तो बाहेरून मागवावा लागतो, महाग पडतो आणि दमट उष्ण हवेत संध्याकाळपर्यंत मान टाकतो. त्याऐवजी देवचाफा घ्या. आपल्या देवळांपुढे उभा असलेला हा चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचाच. फक्त माळा त्याच दिवशी पहाटे ओवायच्या, पाकळ्यांना बोट जरा जोरात लागलं की तपकिरी डाग पडतो. झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. कान्कूनच्या बाजूला ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथल्या मृतांच्या सणासाठी तो ढिगाने येतो, एरवी आधी सांगून ठेवावा लागतो.

अक्षतांवर रिसॉर्टची हरकत असू शकते, विशेषतः वाळूवर. फळ्यांच्या बोहल्यावर आणि झाडून घेण्याचे पैसे भरून सहसा जमतं. शंभर माणसांना दीड किलो तांदूळ पुरे. कुंकू बेताचं लावा आणि तांदूळ पूर्ण सुकवा, नाहीतर रिसॉर्टच्या पांढऱ्या खुर्च्यांवर गुलाबी बोटं उमटतात आणि त्याचं बिल येतं.

सामान भरताना दोन गोष्टी हमखास बॅगेतून निघतात आणि विमानतळावर अडकतात: कापूर आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. दोन्ही ज्वलनशील म्हणून विमानात धोकादायक माल ठरतात. कापराऐवजी तुपात भिजवलेल्या वाती वापरा. ओटीला खोबऱ्याची वाटी नको, तिथला नारळच घ्या. मात्र रिसॉर्टमध्ये नारळ म्हटलं की हिरवं शहाळं येतं, तेव्हा ‘सुका, तपकिरी, शेंडीसकट’ असं फोटो दाखवून सांगा. धान्य, लाह्या, सुपाऱ्या, हळकुंडं, दर्भ हे सगळं मोजकं, सीलबंद न्या आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड होतो. ताम्हन, पळी-पंचपात्र, कलश, मंगळसूत्र आणि लग्नाच्या साड्या हातातल्या बॅगेत. तूप मात्र हातातल्या बॅगेत द्रवपदार्थ धरलं जातं. आणखी एक: जमैका, बार्बेडोस, त्रिनिदाद, सेंट लुशिया इथे लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे. मावसभावाची ती खिशाखिशांची हाफ पँट घरीच राहू द्या.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण लग्न अडतं ते इथेच. अमेरिकेत राहणाऱ्यांनी कायदेशीर लग्न घरी, महापालिकेच्या कचेरीत उरकून जाणं सगळ्यात सोपं. न्यू जर्सीत अर्ज केल्यापासून ७२ तास थांबावं लागतं, फी २८ डॉलर, साक्षीदार एक. ते लायसन्स बरोबर नेऊन जमैकात लग्न लावलं तर मात्र त्याचा उपयोग शून्य, ते न्यू जर्सीच्या हद्दीपुरतंच. तिथेच कायदेशीर करायचं असेल तर जमैका सोपी: बेटावर पाऊल ठेवून २४ तास झाले की लायसन्ससाठी अर्ज करता येतो. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र स्पॅनिशमध्ये भाषांतर करून अपोस्टिलसह (परदेशात चालणाऱ्या अधिकृत शिक्क्यासह) द्यावं लागतं, आणि विधीही स्पॅनिशमध्ये होतो. त्रिनिदादमध्ये हिंदू पंडितांना विवाह नोंदवण्याचा अधिकार आहे. १८४५पासून तिथे गिरमिटिया, म्हणजे करारावरचे भारतीय मजूर, म्हणून आलेल्यांची वस्ती आहे, पण त्यांची पद्धत भोजपुरी वळणाची. मंगलाष्टकं आणि अंतरपाट त्यांच्याकडून होईल असं समजू नका, मराठी गुरुजी अमेरिकेतूनच न्यावे लागतात. त्यांचा व्हिसाही पाहुण्यांच्या व्हिसाबरोबरच तपासा.

लग्नाच्या दोन तारखा झाल्या की फॉर्मवर कायम सर्टिफिकेटवरची तारीख लिहा, मग तो एच-४चा (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसाचा) अर्ज असो की ओसीआयचा (परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डाचा). परदेशी नागरिक असलेल्या जोडीदाराला ओसीआय मिळायला नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात, ती त्याच तारखेपासून मोजतात. मुलगी के-१ व्हिसावर, म्हणजे वाग्दत्त वधू म्हणून येणार असेल तर आधी बेटावर विधी करून मग अमेरिकेत प्रवेश, असा क्रम ठेवू नका. तो व्हिसा अविवाहितांसाठीच आहे, सप्तपदीचे फोटो अडचणीचे ठरतात.

पाहुण्यांच्या व्हिसाचा तक्ता मुलीकडच्या आणि मुलाकडच्या एकेका माणसाने बसून करावा. सगळ्यात मोठा सापळा एच-१बीवाल्यांचा, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचा. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय पण आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे अशा माणसाला मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं. बेटांवर जाऊन तसं परत येण्याची सोय फक्त एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांना आहे, एच-१बीला नाही. म्हणजे तोच मित्र कान्कूनला येऊ शकतो, पुंता कानाला आला तर परतीला अडकतो. त्यातही मेख अशी की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा माफ होतो तो अमेरिकेसारख्या काही देशांचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तरच. शिक्का संपलेल्याला मेक्सिकोचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू आहे आणि जे एच-१बीवर नसून नुसत्या वर्क परमिटवर आहेत, त्यांनी परतीची आगाऊ परवानगी हातात आल्याशिवाय विमानात बसू नये.

भारतातून येणाऱ्या काका-मावशींना अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, ट्रान्झिटचा तरी. अमेरिकेत सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आई-वडील बेटावर आठवडाभर जाऊन आले तर परतताना नवे सहा महिने मिळतीलच असं नाही, जुनाच मुक्काम पुढे धरला जाऊ शकतो. त्यांची परतीची तिकिटं त्या हिशेबाने काढा.

खोल्यांचा करार वाचताना आकडे बघायचे ते तीन: किती टक्के खोल्या न भरल्या तरी दंड नाही, ती मुदत कधी संपते, आणि बाहेरून आणलेल्या प्रत्येक माणसाचे किती पैसे. गुरुजी, मेंदीवाली, केटरर, फोटोग्राफर सगळे ‘बाहेरचे’ धरले जातात. शेजारच्या स्वस्त हॉटेलात उतरलेल्या नातेवाइकांना लग्नाला यायला दिवसाचा पास घ्यावा लागतो, तोही माणशी. दरपत्रकातल्या किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की कर आणि सेवाशुल्क वेगळं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ते १८ अधिक १० टक्के, म्हणजे हजारावर सरळ २८०.

जेवणात ‘व्हेजिटेरियन’ शब्दावर विसंबू नका. मेक्सिकोत राजम्याच्या लगद्यात डुकराची चरबी असते, भातात कोंबडीचा अर्क. वाक्य पूर्ण सांगा: मांस नाही, मासा नाही, चरबी नाही, अर्क नाही, वेगळं तेल. एक आनंदाची गोष्ट म्हणजे तूर तिथे घरची आहे. जमैकात गंगो पीज, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ग्वांदुलेस म्हणतात ते आपले तुरीचे दाणेच, पण हिरवे किंवा अख्खे. वरणाची डाळ न्यावी लागते. शंभर पानांच्या मसालेभाताला सहा किलो तांदूळ आणि पाव किलो गोडा मसाला. तोंडली विसरा, वांगं आणि मटार चालतात. श्रीखंड रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात उत्तम होतं, कारण शीतगृह भलंमोठं असतं: दहा किलो दही रात्रभर टांगून चार किलो चक्का, त्यात साडेतीन किलो साखर. आचाऱ्याला आदल्या दिवशी पुरी एकदा तळून दाखवायला लावा. पहिली तुकडी टॅकोच्या कवचासारखी कडक येते, कारण तो कणीक जाड लाटायला घाबरतो.

साड्यांबद्दल थोडंसं. वाळूवर सहावारीपेक्षा नऊवारी बरी, काष्ट्यामुळे काठ घासत नाही. अस्सल जरीची पैठणी खाऱ्या हवेत तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, सनस्क्रीनचे हात तर लावूच नका. काढल्यावर घडी न करता सावलीत पसरा. कोल्हापुरी ओली झाली की फुगते, ती गच्चीवरच घाला. भारतातून आणलेली इस्त्री तिथल्या ११० व्होल्टवर पाव ताकदीने तापते, रिसॉर्टचीच मागा.

निर्माल्य आणि होमाची राख समुद्रात सोडायची नाही. प्रवाळांचा समुद्र आहे, बराचसा संरक्षित. राख रात्रभर थंड होऊ द्या, मग निर्माल्याबरोबर माळ्याकडे द्या. परतताना कुणीतरी देवघरासाठी म्हणून बाजारातून आतून गुलाबी असलेला मोठा शंख घेतं. तो राणी शंख, आंतरराष्ट्रीय करारात संरक्षित. कस्टममध्ये कागद मागू शकतात, आणि पोवळं असेल तर ते काढूनही घेऊ शकतात. देवघरात आपण पूजतो तो पांढरा शंख हिंदी महासागरातला, वेगळ्याच जातीचा. तो आत्याच्या घरी असेलच.